वॉशिंग्टनने मृत्युपत्रात गुलाम मुक्त केले, मग निम्म्याहून जास्त तसेच का राहिले?

सायली_वाचते
नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त करायला सांगितले हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, पण आता वाचताना कळलं की १७९९ ला माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते आणि त्या मृत्युपत्राने सुटले फक्त १२३. बाकीचे बायकोचे होते म्हणून सोडता आले नाहीत असं एका ओळीत सांगून सगळे पुढे जातात. पण त्या काळात लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची ना? मग इथेच काय आडवं आलं? आणि त्या उरलेल्या माणसांचं पुढे काय झालं? कोणी नीट सांगेल का प्लीज

मिलिंद आ.
ते बायकोचे पण नव्हते, खरी गोम तिथे आहे. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियातला बडा मळेवाला, तो १७५७ ला मृत्युपत्र न करताच गेला. अशा वेळी विधवेला एक तृतीयांश वाटा मिळायचा पण तो फक्त तहहयात, म्हणजे जमीन कसा, गुलामांकडून काम करून घ्या, उत्पन्न घ्या, पण विकायचं नाही, मुक्त करायचं नाही आणि ती बाई गेली की सगळं परत कस्टिसच्या वारसांकडे. १७५९ ला वॉशिंग्टनशी लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या हातात आला तो एवढाच हक्क.

त्यात व्हर्जिनियाने १७०५ च्या कायद्यात गुलामांना वारशापुरतं स्थावर मालमत्तेत धरलेलं, म्हणजे माणसं जमिनीच्याच नियमाने वाटली जायची. आणि त्याआधीचा १६६२ चा कायदा असा की मूल आईचं, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. त्यामुळे कस्टिसच्या वाट्यातल्या बाईला मूल झालं की ते जन्मतःच कस्टिस वारसांचं. १७५९ ला ८० च्या वर माणसं होती ती १७९९ ला १५३ झाली ती अशी. ३१७ मधले बाकीचे साधारण ४० जण शेजारच्या मळ्याकडून भाड्याने घेतलेले होते.

रेवती
मिलिंदने कायदा छान सांगितलाय पण खरा घाव कुठे बसला ते सांगते. चाळीस वर्षं वॉशिंग्टनचे आणि कस्टिस वाट्यातले असे हे दोन्ही गट एकाच मळ्यावर राहिले, एकत्र राबले आणि अर्थातच त्यांची आपापसात लग्नं झाली. त्या लग्नांना कायद्यात काही किंमत नव्हती पण माणसांसाठी ती लग्नंच होती ना. घरातला बटलर फ्रँक ली वॉशिंग्टनच्या मालकीचा, त्याची बायको लूसी तिथलीच स्वयंपाकीण, ती कस्टिस वाट्यातली, म्हणजे पोरंही कस्टिस वाट्यात. १ जानेवारी १८०१ ला फ्रँक मोकळा झाला आणि बायकापोरं गुलामच राहिली. अशी किती घरं असतील बघा.

वॉशिंग्टनला हे दिसत होतं, मृत्युपत्रात त्याने ते लिहिलंय पण. म्हणून तर त्याने आपल्या माणसांची सुटकासुद्धा मार्थाच्या मृत्यूनंतर व्हावी असं ठेवलं, लगेच मोकळा झाला तो फक्त त्याचा खासगी नोकर विल्यम ली, त्याला वर्षाला ३० डॉलर पण लावून दिले. आता विचार करा, शंभरावर माणसांची सुटका एका बाईच्या मरणावर टांगलेली आणि हे त्या सगळ्यांना माहीत. मार्थाला भीती वाटायला लागली, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाची बायको ॲबिगेल ॲडम्स तिला भेटली तेव्हाच्या पत्रात ॲबिगेलने हे लिहिलंय, आणि शेवटी मार्थाने स्वतःच आधी सोडून दिलं वॉशिंग्टनच्या सगळ्या माणसांना.

मग १८०२ ला मार्था गेली आणि कस्टिस वाट्याच्या माणसांची चार नातवंडांत वाटणी झाली. चार वेगवेगळी घरं, चार मळे. बाप सुटलेला, आई एका नातीकडे, मोठी मुलगी दुसरीकडे, असं झालं. हे वाचताना मला फार त्रास होतो, कारण कोणी मुद्दाम क्रूरपणा केला असंही नाही, नेहमीच्या वाटणीत होतं ते सगळं नियमाप्रमाणे झालं.

सायली_वाचते
बापरे. पण मग वारसांना पैसे देऊन सोडवता आलं नसतं का? तो काही गरीब नव्हता

मिलिंद आ.
देता आले असते आणि तसा विचार त्याने केला पण होता. १७९४ च्या सुमारास मळे भाड्याने द्यायचे, पश्चिमेकडच्या जमिनी विकायच्या असं चाललेलं, आपला सचिव टोबायस लिअरला लिहिलेल्या पत्रात गुलामांना सोडवायचा हेतू स्पष्ट आहे. पण गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ते तसंच राहिलं. जमीन भरपूर पण हातात रोकड कमी ही त्या सगळ्या मळेवाल्यांची अवस्था होती. तरी माझं स्पष्ट मत आहे की त्याने उशीर केला. रॉबर्ट कार्टरचं उदाहरण समोर होतं, त्याने १७९१ ला हयात असतानाच ४५० च्या वर माणसांना टप्प्याटप्प्याने सोडायचा दस्त केला, तोही व्हर्जिनियातलाच, त्याच कायद्यात बसून.

आणि रोकड नाही म्हणजे काय होतं ते बघायचं तर थॉमस जेफरसन बघा, तोही व्हर्जिनियातला मळेवाला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. सासरा जॉन वेल्स १७७३ ला गेला तेव्हा बायकोकडून १३५ माणसं आली आणि सोबत सासऱ्याचं कर्जही आलं. १८२६ ला जेफरसन गेला तेव्हा डोक्यावर लाखाच्या वर डॉलर कर्ज होतं. मृत्युपत्रात पाच जणांना सोडलं आणि जानेवारी १८२७ ला माँटिचेलो या त्याच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव निघाला. सुटलेल्या पाचातला एक जोसेफ फॉसेट, लोहार, त्याच्या डोळ्यादेखत बायको आणि पोरं विकली गेली. पुढे त्याने काहींना पैसे जमवून विकत घेऊन सोडवलं.

अनिकेत_जुनीपानं
ओना जज राहिली की. ती मार्थाची दासी, कस्टिस वाट्यातली. तिला नात एलायझाला लग्नात भेट देणार असं कळल्यावर १७९६ ला फिलाडेल्फियातून पळाली ती न्यू हॅम्पशायरला. वॉशिंग्टनने माणसं पाठवली पण ती परत आली नाही. तिथे लग्न केलं, मुलं झाली आणि १८४८ ला वारली तेव्हाही कागदोपत्री ती कस्टिस वारसांचीच होती, मुलंसुद्धा.

आणि वारसा तिथे संपत नाही. चार नातवंडांतल्या जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसने अर्लिंग्टनचा वाडा बांधला, त्याची मुलगी मेरी ही रॉबर्ट ई. लीची बायको, म्हणजे पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झाला तो. हा कस्टिस १८५७ ला गेला, त्याने लिहून ठेवलेलं की पाच वर्षांच्या आत गुलाम सोडा, पण सोबत चार नातींना प्रत्येकी दहा हजार डॉलर द्या असंही लिहिलेलं आणि इस्टेट होती कर्जात. मृत्युपत्राची अंमलबजावणी लीकडे. त्याने पैसा उभा करायला त्याच माणसांना राबवलं, काहींना दुसरीकडे भाड्याने दिलं, घरं फोडली, आणि सुटकेचा दस्त केला तो डिसेंबर १८६२ ला, पाच वर्षं पुरती उलटल्यावर.

सायली_वाचते
रेवती, फ्रँक आणि लूसीसारख्या जोड्यांची नावं कुठे मिळतात?

रेवती
वॉशिंग्टनने १७९९ च्या उन्हाळ्यात स्वतः यादी केली होती, ती टिकलीय. कोण कुठल्या मळ्यावर, काय काम करतं, नवरा किंवा बायको कोण आणि कोणाच्या मालकीची, सगळं एकेका ओळीत आहे. दोन रकाने आहेत, एक त्याचा आणि एक कस्टिस वाट्याचा, नवरा एकात आणि बायको दुसऱ्यात असं कितीतरी वेळा दिसतं. वेळ काढून सलग वाच.