‘पुराव्यावर आधारित’ की ‘अनुभवसिद्ध’?

प्रश्न : अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. ‘एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस’साठी मी ‘पुरावाधारित पद्धती’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते ‘अनुभवसिद्ध’ केलं. कोणता शब्द ठेवावा?

उत्तर : ‘अनुभवसिद्ध’ नको, ताई. तिसऱ्या वर्षापासून पाटीवर अक्षरं गिरवून घेणारेही आपली पद्धत अनुभवसिद्धच म्हणतील. इथे अर्थ असा, की ती पद्धत वापरली तर मुलांमध्ये खरंच फरक पडतो का, हे कुणीतरी पडताळून पाहिलंय. अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलँटी गावी 1962 साली सुरू झालेला पेरी प्रीस्कूल प्रयोग घ्या. 123 मुलांचे दोन गट केले, एका गटाला बालशाळा मिळाली, दुसऱ्याला नाही, आणि मुलं चाळिशीला पोचेपर्यंत दोन्ही गटांचा माग ठेवला. ‘संशोधनाधारित’ हा शब्द बरा, पण संशोधन झालं म्हणजे निष्कर्ष बाजूनेच आला असं होत नाही. ‘पुरावा’ला कोर्टकचेरीचा वास असला तरी तोच नेमका. फक्त समास सोडवून ‘पुराव्यावर आधारित’ लिहा, वाचताना अडखळायला होत नाही.

‘प्रॅक्टिस’ला ‘उपक्रम’ मात्र करू नका. उपक्रम एकदा घेतला की संपतो, ही रोजची रीत आहे. ‘संवादी वाचन’ पाहा : ताई चित्रातल्या मांजरीवर बोट ठेवून विचारतात, “ही काय करतेय?” मूल म्हणतं, “पळतेय.” ताई म्हणतात, “हो, कुत्र्याला घाबरून पळतेय. आता कुठे लपेल?” मुलाच्या एका शब्दात आणखी शब्द घालून त्यालाच परत द्यायचं आणि पुढची गोष्ट त्याच्याकडून काढून घ्यायची. हे वर्गात ‘रुजवणं’ म्हणा. अंमलबजावणी योजनांची होते.

आणखी एक : ‘अंगणवाडी’ हा शब्दच मुलांचं प्रत्यक्ष निरीक्षण करण्यातून आलाय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. पुढे 1975 साली एकात्मिक बालविकास योजनेतून हे नाव देशभर गेलं. पुस्तिकेत हे घालाच, सेविकांना हा वारसा माहीत असायला हवा.

प्रश्नकर्ती : घालते, आणि मांजरही. ‘असेसमेंट’ला ‘मूल्यमापन’ केलंय, पण ते परीक्षेसारखं वाटतं. ‘नोंदी’ चालेल?

उत्तर : चालेल. ‘निरीक्षण नोंदी’ लिहा, म्हणजे मुलाला खेळताना बघूनच लिहायचंय हे कळेल.