अनुभव धागा: आसनं आणि कुरकुरणारे गुडघे

तापीकाठची
माळ्यावरून आईची लुगड्याची गोधडी काढून वाळत घातली आणि २०१५ चा पहिला योग दिवस आठवला. शाळेचं पटांगण, सगळा स्टाफ रांगेत. शेजारच्या बाई पद्मासनात बसल्या म्हणून मीही डावा पाय हाताने ओढून मांडीवर चढवला. गुडघ्यात आतल्या बाजूला कट्! पुढे महिनाभर कठडा धरून जिना उतरत होते. नंतर जिच्याकडे शिकले ती म्हणाली, पाय खुब्यातून वळायला हवा, तिथे अडला की सगळा पीळ गुडघ्यावर. आता याच गोधडीची जाड घडी बुडाखाली घेते आणि साधी मांडी घालते. बूड उचललं की गुडघे आपसूक खाली येतात. तुमचंही लिहा.

भुसावळ पॅसेंजर
वज्रासन. पोटरी-मांडीच्या मधे उशी, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी. दोन मिनिटं, बस्स. जेवून बसतो.

कळण्याची भाकरी
माझं मनगट भाकरी थापण्यातच गेलंय, त्यात ते अधोमुख श्वानासन, तळहात जमिनीला टेकून कंबर वर उचलायचं. आता ओट्याला हात टेकते, मागे सरकते, कमरेतून वाकते. पाठ मस्त ताणली जाते, मनगटावर भार नाही. थांबा, कुकर झाला

केळीबाग
मला फक्त शवासन येतं. जळगावच्या मे महिन्यात दुसरं काय येणार 😄

धुळेकर
त्रिकोणासनात पाय फाकवून बाजूला वाकताना हात जमिनीला लागलाच पाहिजे म्हणून आमच्या क्लासात पाठीवर दाब द्यायचे. कंबर आठ दिवस धरली. क्लास सोडला. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी विटा, पट्टे, खुर्च्या उगाच नाही वापरल्या. मी बांधकामातली उरलेली वीट जुन्या चादरीत गुंडाळली, तिच्यावर हात. गुडघाही मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा ताठ करत नाही. मांडीत ताण आला तर चालतो, सांध्यात टोचलं की सोडतो.

केळीबाग
वीट कुठली, आमच्याकडे केळीचे खोकेच खोके.

अमळनेरची लेक
आईला खुर्चीवर बसून करायला सांगितलं तर म्हणे, "माय वं, खुर्चीवर काय योगा व्हस?" आता रोज स्वतःच खुर्ची ओढते.

कळण्याची भाकरी
@तापीकाठची गोधडीचा फोटो टाका ना. आता कोण शिवून देतं?

तापीकाठची
शेजारची आजी, पण तिचेही डोळे गेले. टाकते फोटो.

भुसावळ पॅसेंजर
गोधडी आधी आत घ्या ताई, इकडे थेंब सुरू झालेत.