मदत हवी आहे : इन्व्हर्टरचा बॅकअप चार तासांवरून चाळीस मिनिटांवर. बॅटरी गेली की चार्जिंग कमी पडतंय?

सांजवात (धागाकर्ता)

सेटअप आधी देतो, म्हणजे उलटे प्रश्न कमी होतील.

इन्व्हर्टर ९०० व्हीए, साइनवेव्ह. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास), टॉल ट्यूब्युलर (पाणी भरावं लागणारी, नळीदार पट्ट्यांची), वय चार वर्षांच्या थोडं पुढे. वॉरंटी कार्डावर ३६ + २४ महिने लिहिलंय. लोड : तीन साधे सीलिंग फॅन, ९ वॉटचे चार एलईडी, एक राउटर. फ्रिज, मिक्सर काही नाही. ठिकाण सिन्नर तालुका. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १७० ते १८५ च्या मध्ये असतं.

तक्रार अशी, की फुल चार्जचा दिवा लागतो, लाइट गेली की सगळं नीट चालू होतं, आणि ३५-४० मिनिटांत लो बॅटरीची शिट्टी. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हाच लोड चार तास निघायचा.

मल्टिमीटर आहे. चार्जिंग चालू असताना १३.६ व्होल्ट. चार्ज झाल्यावर वायर काढून रात्रभर ठेवली तर सकाळी १२.३५. पाण्याच्या काड्या बॅटरीच्या सहापैकी पाच सेलमध्ये (कप्प्यांमध्ये) लाल खुणेपर्यंत उतरल्यात. पॉझिटिव्हकडून चौथा सेल मात्र अजून हिरव्यावर आहे.

प्रश्न तीन. एक, बॅटरी बदलावी लागणार की वाचेल? दोन, पाणी भरायचंय, आरओचं चालेल का? तीन, इन्व्हर्टरच चार्जिंग कमी करत असेल, तर ते ओळखायचं कसं?

ओहमचा_भाऊ

आधी लोडचा हिशोब, कारण "चार तास" हा आकडा मुळात बरोबर आहे का ते बघितलं पाहिजे. फॅन ७५ वॉटचे तीन, २२५. दिवे ३६. राउटर १०. म्हणजे २७० वॉट. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च आणि घट धरून बॅटरीतून साधारण २८ अँपिअर ओढले जातात. बॅटरीवरचा १५० एएच हा आकडा सी-२० चा असतो, म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. २८ अँपिअरने ओढली की तीच बॅटरी ११५-१२० एएचच देते. भागाकार केला की चार तास. आकडा बरोबर आहे, म्हणजे पूर्वी बॅटरी ठणठणीत होती.

आता १२.३५. रात्रभर विसावलेली, फुल चार्ज ट्यूब्युलर १२.६ ते १२.७ दाखवायला हवी. ०.३ व्होल्ट कमी म्हणजे दोन शक्यता : सहाही सेल थोडे थोडे कमी, किंवा एकच सेल बराच कमी. मल्टिमीटरने हे कळत नाही, कारण तो सहांची बेरीज दाखवतो. हायड्रोमीटर आणा, काचेची नळी आणि वर रबरी फुगा. तो प्रत्येक सेलमधल्या आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, दाखवतो; सेल जितका चार्ज तितका आकडा जास्त. बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतो, महाग नसतो.

तांबडी_काळी

हायड्रोमीटर आणाच, पण धागाकर्त्याने उत्तर अर्धं स्वतःच लिहिलंय. बहुतेक लोक पाणी उतरलेल्या सेलवर संशय घेतात. इथे उलट आहे. चार्ज पूर्ण होत आला की सेलमध्ये बुडबुडे येतात, म्हणजे पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. पाणी पिणारा सेल म्हणजे पूर्ण चार्ज होणारा सेल. जो पाणी पीतच नाही तो चार्जच होत नाहीये. माझा कौल चौथ्यावर.

बाकीचे पाच जास्त का पितात तेही यातच आलं. इन्व्हर्टर १३.६ व्होल्ट देतो ते सहा सेलमध्ये वाटून, प्रत्येकी २.२७. एक सेल २.० वरच अडकला, की उरलेल्या पाचांवर २.३२ येतात. रोज, चोवीस तास.

बॅटरीवाला_काका

पाण्याचं उत्तर : आरओचं नको. आरओमधून निघणाऱ्या पाण्यात ३० ते १०० टीडीएस (विरघळलेले क्षार) राहतो आणि बरेच प्युरिफायर चवीसाठी वरून खनिजं घालतात. क्लोराइड आणि लोह बॅटरीला विषासारखे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी भरायची पद्धत आहे, तेही टाळा. टीडीएस मीटरवर कमी दिसतं, पण कॉइलवरची धूळ आणि तांबं घेऊन येतं. पाच लिटरचा डिस्टिल वॉटरचा कॅन आणा आणि प्लास्टिकच्या नरसाळ्याने भरा. पत्र्याचं नरसाळं वापरू नका.

भरायची वेळ महत्त्वाची. पाणी *चार्ज झाल्यावर* भरायचं. चार्जिंगमध्ये पाण्याची पातळी चढते. रिकाम्या बॅटरीत हिरव्यापर्यंत भरलं, तर चार्ज होताना झाकणातून आम्ल बाहेर येतं. ते गेलेलं आम्ल परत मिळत नाही आणि बॅटरी कायमची पातळ होते. अपवाद एकच : काडी लालच्याही खाली जाऊन पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी पट्ट्या बुडतील एवढंच भरा, चार्ज करा, मग उरलेलं.

आणि कुणी कितीही सांगो, आम्ल भरायचं नाही. उडतं ते पाणी. आम्ल जागेवरच असतं.

ओहमचा_भाऊ

काकांच्या मुद्द्याला जोडून : पाणी भरल्या भरल्या हायड्रोमीटर लावू नका. वर नुसतं पाणी तरंगत असतं, रीडिंग १.१ च्या आसपास येईल आणि तुम्ही घाबराल. आधी माप घ्या, मग पाणी भरा. किंवा भरून पूर्ण चार्जिंग होऊ द्या, बुडबुड्यांनी ते मिसळतं.

मापायची रीत : इन्व्हर्टर बटणाने बंद, मेन प्लग काढलेला, खिडकी उघडी, जवळ उदबत्ती-देवघर नको. चष्मा आणि रबरी हातमोजे. नळी सेलमध्ये बुडवा, फुगा हळू सोडा, तरंगता काटा काचेला चिकटू देऊ नका, डोळा पातळीच्या समोर. चांगला सेल १.२३० ते १.२४०, नेमका आकडा तुमच्या बॅटरीच्या लेबलवर असतो आणि तो २७ अंशांना धरलेला असतो. द्रव ३५ अंशांचा असेल तर रीडिंगमध्ये ०.००५ ते ०.००६ मिळवा. काढलेला द्रव *त्याच* सेलमध्ये परत.

रात्रपाळी

हे सगळं करायच्या आधी टर्मिनल बघितलेत का? पांढरा-हिरवा भुगा साठला, की चांगली बॅटरीसुद्धा अशीच वागते.

मेन प्लग काढा, लोड चालू ठेवा, मीटर डीसी २० व्होल्टवर. पहिलं रीडिंग दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर, सुई थेट शिशात टोचून. बोल्टवर ठेवायची नाही. दुसरं इन्व्हर्टरच्या वायरच्या टोकाच्या थिंबलवर. दोन्हींत ०.२ पेक्षा जास्त फरक आला, तर तेवढा व्होल्टेज जोडात जातोय. २८ अँपिअरला ०.३ व्होल्ट म्हणजे ८ वॉट नुसती उष्णता, हात लावला तरी कळते.

साफ करताना : खायचा सोडा कोमट पाण्यात, जुना टूथब्रश. सेलची झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा एक थेंब आत गेला तरी तेवढं आम्ल मेलं. मग खुंट्या आणि थिंबल सॅंडपेपरने चकचकीत, नट आवळा, आणि *आवळल्यावर* वरून व्हॅसलिन. आधी लावून मग आवळलं तर काही वेळा मध्ये थर राहतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाना दोन खुंट्यांवर आडवा पडला तर तो लाल होतो, गंमत नाही. अंगठी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. परत जोडताना एक छोटी ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरल्याची, घाबरू नका. पण म्हणूनच आधी खोली हवेशीर हवी.

सांजवात

टर्मिनल साफ केले. खुंट्यांवर १२.०५, थिंबलवर ११.९८, म्हणजे जोड बरा आहे. वीसेक मिनिटांत खुंट्यांवरच ११.४, मग एकदम १०.७ आणि कटऑफ. लोड काढल्यावर थोड्या वेळात परत १२ च्या वर!

हायड्रोमीटरची रीडिंग, पाणी भरायच्या आधी, पॉझिटिव्हकडून :
१.२३० / १.२२५ / १.२३० / १.१४० / १.२३५ / १.२३०

तांबडी_काळी

आला चौथा.

पडताळा हवा असेल तर : सेलचा विसावलेला व्होल्टेज म्हणजे ग्रॅव्हिटी अधिक ०.८४, साधारण. पाच सेल २.०७ च्या आसपास, चौथा १.९८, बेरीज १२.३३. तुमचा मीटर १२.३५ दाखवत होता. मीटर खोटं बोलत नव्हता.

कटऑफचंही कोडं सुटतं. २८ अँपिअर ओढताना चांगले पाच सेल १.९५ च्या आसपास, म्हणजे ९.७५. चौथा संपला की २ वरून १ वर कोसळतो. ९.७५ आणि १, झाले १०.७५. इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी रिकामी, म्हणून तो तोडतो. प्रत्यक्षात पाच सेलमध्ये निम्म्याहून जास्त माल शिल्लक असतो, म्हणून लोड काढल्यावर व्होल्टेज उडी मारून वर येतो.

चालतंय_की

आमच्याकडे गावात एक जण सगळं आम्ल उपसून नवं भरतो, वर पावडर टाकतो. बॅटरी सहा महिने चालते म्हणतात. नव्याच्या दहाव्या हिश्शात काम होतं.

बॅटरीवाला_काका

होतं, आणि का होतं तेही सांगतो. जड आम्ल भरलं की व्होल्टेज वर दिसतो, ग्राहक खूश. पण पट्ट्यांवर बसलेला सल्फेट तसाच राहतो आणि जड आम्ल पॉझिटिव्हच्या कण्याला जास्त वेगाने खातं. सेल आतून शॉर्ट असेल तर पावडरचा शून्य उपयोग : तळाला साचलेला गाळ किंवा फाटलेला सेपरेटर (पट्ट्यांमधला पडदा) पावडरने शिवला जात नाही. शिवाय वॉरंटी अजून चालू आहे. ३६ महिने फुकट बदलीचे संपले, पण पुढच्या २४ मध्ये नव्या बॅटरीच्या किमतीवर सूट मिळते. आम्ल बदललेलं दिसलं की कंपनी तेवढंही नाकारते. झाकणं उघडायला बाहेरच्या माणसाला देऊ नका.

एक गोष्ट मात्र बदलायच्या आधी करून बघण्यासारखी आहे. दुकानातल्या चार्जरवर ५-६ अँपिअरने, सलग २४ तास, लोड न लावता. चौथा नुसता मागे पडलेला असेल, तर त्याची ग्रॅव्हिटी चढते आणि चढलेली *टिकते*. शॉर्ट असेल तर चढत नाही, किंवा चढून दोन दिवसांत खाली येते. चार्ज करताना झाकणं सैल ठेवून टॉर्चने बघा. पाच सेल उकळल्यासारखे फसफसतात आणि एक शांत बसतो, तो गेलेला.

सांजवात

वॉरंटीच्या डीलरकडेच चार्जिंगला लावली. चौथा शांतच होता. १.१६० पर्यंत गेला, दोन दिवस ठेवल्यावर १.१२०. बाकीचे १.२४० वर. डीलरनेही शॉर्ट सेल म्हणून लिहून दिलं, प्रो-राटाची (वापरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने) सूट मिळतेय. एकच सेल बदलून देणारा एक जण भेटला, त्याचं काय?

ओहमचा_भाऊ

नको. वरचं झाकण कापून, शिशाचे जोड वितळवून नवा सेल बसवतात. नवा सेल आणि चार वर्षांचे पाच एका माळेत आले की सगळ्यात म्हाताऱ्याच्या हिशोबानेच बॅटरी चालणार.

पण नवी आणण्याआधी तिसरा प्रश्न. तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा स्विच असेल. तो कुठे आहे?

सांजवात

यूपीएसवर. बसवणाऱ्याने तसाच ठेवला होता.

ओहमचा_भाऊ

मग मूळ इथे आहे. यूपीएसमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली मेन नाकारतो आणि बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी १७०. म्हणजे लाइट असतानाही रोज काही तास घर बॅटरीवर चालतंय आणि चार्जिंग बंद. १५० एएच पूर्ण भरायला १२ अँपिअरच्या चार्जरला १३-१५ तास लागतात. रोज अर्धवट भरलेल्या बॅटरीत कमजोर सेल आधी मरतो. पाच सांभाळतात, एक बळी जातो.

इकोवर करा, तिथे साधारण १०० व्होल्टपर्यंत मेन घेतलं जातं. लाइट जाताना अदलाबदलीला थोडा जास्त वेळ लागतो, राउटर कधी रीस्टार्ट होईल, एवढंच. त्या राउटरला छोटा डीसी यूपीएस लावून टाका.

शेजारी दुसरा स्विच असतो, बॅटरीच्या प्रकाराचा. तो ट्यूब्युलरवर हवा. तिथे बूस्टला, म्हणजे जोरात भरण्याच्या टप्प्यात, व्होल्टेज १४.४ च्या आसपास जातो, मग १३.६ वर उतरतो. एसएमएफवर (पाणी न भरायच्या बंद बॅटरीवर) राहिला तर बूस्ट कमी मिळतो आणि ट्यूब्युलर कायम उपाशी.

रात्रपाळी

नवी घेताना चार गोष्टी. बनवल्याचा महिना बघा, दुकानात सहा महिने पडलेली नको. लावल्यावर पहिलं चार्जिंग १०-१२ तास, तोवर लोड नाही. जुनी बॅटरी नवीला समांतर जोडायचा मोह टाळा, शॉर्ट सेल नवीलाही रिकामी करत बसेल. आणि जुनी डीलरलाच द्या. ५० किलोच्या वर वजन भरतं, त्यात बहुतेक शिसं, त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. भंगारवाल्याकडे गेली तर आम्ल गटारात जातं.

लिथियमचा विचार असेल तर हा इन्व्हर्टर लिथियमसाठी आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. ट्यूब्युलरची चार्जिंग पद्धत तिला चालत नाही.

तांबडी_काळी

पैसे घालायचेच असतील तर आधी पंख्यांत घाला. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास खातो. तीन बदलले की लोड २७० वरून १३५ वर, ओढ १४ अँपिअर. करंट कमी झाला की बॅटरी एएचही जास्त देते, त्यामुळे बॅकअप दुपटीच्या वर जातो, नऊ तासांच्या घरात. १५० ची २२० एएच बॅटरी घेऊन एवढं मिळणार नाही.

सांजवात

दोन्ही स्विच बदलले. बॅटरीचा एसएमएफवरच होता. आता बूस्टमध्ये १४.३ दिसतंय. बॅटरी उद्या येतेय, पंखे पुढच्या महिन्यात, एकेक करून. पाण्याच्या काड्या किती दिवसांनी बघायच्या?

बॅटरीवाला_काका

उन्हाळ्यात महिन्याला, एरवी दोन महिन्यांनी. सहाही काड्या एकत्र उतरल्या तर ठीक. एक मागे राहिली तर हायड्रोमीटर काढा.