मदत हवी आहे: कबड्डीत डोक्याला मार, मॅटवर कधी परतावं?

धाकटा भाऊ व्यावसायिक कबड्डी खेळतो, वय २४, चढाईपटू. गेल्या महिन्यात पकडीत बचावपटूचा गुडघा कानामागे बसला. शुद्ध गेली नाही, पण त्या सामन्याचा उत्तरार्ध त्याला आजही आठवत नाही. सीटी स्कॅन, एमआरआय नॉर्मल. न्यूरॉलॉजिस्टनी विश्रांती आणि गोळ्या दिल्या. डोकेदुखी कमी झालीय, पण उजेड सहन होत नाही, वाचताना ओळ सुटते. असाच मार याआधीही एकदा बसलाय.

संघ म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत तर सरावाला ये. करार हंगामापुरता, त्यामुळे भाऊही घाईत. व्यावसायिक रग्बीत २०२२ पासून अशा खेळाडूला किमान १२ दिवस बाहेर ठेवतात. कनकशन (धक्क्याने मेंदूचं काम काही काळ बिघडणं) स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही, हे संघाला तोंडी पटत नाही. आणि वारंवारच्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा मेंदूचा आजार मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच पक्का कळतो, त्याची मला खरी धास्ती आहे.

आम्ही सांगलीचे, पुण्या-मुंबईला येऊ शकतो. स्मरणशक्ती, एकाग्रता, तोल तपासून खेळायला योग्य की नाही ते लेखी देणारे क्रीडावैद्यक तज्ज्ञ किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्ट कुणाच्या माहितीत आहेत का?