सरकार आपल्या भल्यासाठी सक्ती करते तेव्हा : आपापले अनुभव लिहा

दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केलेला नियम आणि आपलेच भले व्हावे म्हणून आपल्यावर घातलेला नियम, हे दोन वेगळे मानावेत असे मला वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यातली रेघ फार लवकर पुसट होते. म्हणून तत्त्वचर्चेपेक्षा अनुभव लिहावेत, ही विनंती. सुरुवात मीच करतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे मद्य पिण्यासाठी आजही परवाना लागतो आणि बिअर व वाइन सोडून इतर मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षी मुलाला लग्न करता येते, पण स्वतःच्या लग्नात व्हिस्की पिता येत नाही. इतकी वर्षे दुकानात माझ्याकडे परवाना कुणीही मागितलेला नाही. जो नियम कुणीच पाळत नाही, तो निरुपद्रवी असतो असे मात्र नाही. ज्याला त्रास द्यायचा असेल त्याच्यासाठी तो कपाटातून बाहेर काढता येतो.

चंद्रपूर

आपण परवान्याबद्दल गमतीने लिहिलेत, परंतु आमच्या जिल्ह्यात हा विषय गमतीचा राहिलेला नाही. दारूबंदी आमच्यावर कुणी वरून लादली नव्हती. गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, ग्रामसभांतून ठराव केले आणि त्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. माझी मावशी त्या मोर्चांत होती. पहिले काही महिने तिच्या वस्तीत संध्याकाळी खरोखरच शांतता असे आणि मजुरीचे पैसे घरापर्यंत पोहोचत, हे मी स्वतः पाहिले आहे. पुढे शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून चोरटा माल येऊ लागला, बाटलीची किंमत दुपटीच्या वर गेली आणि जो पिणारा होता तो अधिक पैसे मोजून पिऊ लागला. माल पोहोचवायला शाळकरी वयाची मुले वापरली जाऊ लागली, याचे मावशीला सर्वांत जास्त दुःख झाले. शासनाने रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२१ मध्ये बंदी उठवली. मावशी अजूनही बंदीच्या बाजूने आहे. तिचे म्हणणे असे की कायदा हरला नाही, अंमलबजावणी करणाऱ्यांनी तो विकला. मला तिच्याइतकी खात्री नाही. तरीही, पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याची बाजू मांडताना त्याच्या घरातल्या बाईचे स्वातंत्र्य कुठे बसवायचे, हा तिचा प्रश्न मला टाळता येत नाही. आडव्या बाटलीचा मार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण तिथे गावातल्या बायका गुप्त मतदान करून दुकान बंद करायचे की नाही ते ठरवतात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांचा कौल मिळाला तरच दुकान बंद होते.

पुणे, निवृत्त शिक्षिका

हेल्मेटसक्तीवर आमच्या शहराने इतके मोर्चे काढले आहेत की नव्याने लिहिण्यासारखे फार नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा आहे. सक्ती मात्र काही वर्षांनी नव्याने जाहीर होते आणि तितक्याच वेळा विरतेही. मी हेल्मेट घालते. ‘डोके माझे आहे’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचा अपघात झाला, तेव्हा डोके त्यांचे होते, पण सुश्रूषा सुनेने केली.

श्टुटगार्ट, मूळचा सांगलीकर

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, आणि रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचेच संरक्षण आहे. त्या दिवशी हिरवळ कापण्याचे यंत्र चालवता येत नाही, भिंतीला ड्रिल लावता येत नाही, इतकेच काय, काचेच्या रिकाम्या बाटल्या चौकातल्या पेटीत टाकणेही वर्ज्य असते. सुरुवातीला मला हा निव्वळ जाच वाटे. आता सुट्टीत सांगलीला आल्यावर रात्री दहानंतर चालू असलेल्या ध्वनिवर्धकाखाली झोपताना मीच नियमांची आठवण करून देतो आणि चुलतभाऊ मला ‘साहेब’ म्हणून चिडवतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्याकडेही २००० सालापासून आहेत; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे आणि राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसच मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. फरक एवढाच की तिथे तक्रार करणारा सामान्य नागरिक असतो आणि इथे तो धर्मद्रोही ठरतो.

सिंधुदुर्ग, शेतकरी

वरील सर्वांच्या तुलनेत माझी तक्रार कोरडी आहे. माझ्या जमिनीत, आजोबांनी लावलेला साग तोडायचा तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. अर्ज, सातबारा, पंचनामा आणि मग वाहतुकीचा पास, असा तो प्रवास आहे. जंगले वाचावीत याला माझा विरोध नाही. परंतु स्वतः लावलेले झाड तोडताना चोरासारखे वाटू लागले, तर पुढचे झाड कोण लावेल? आमच्या वाडीत अनेकांनी बांधावर साग लावणे याच कारणाने सोडले आहे, म्हणजे झाडे वाचवणाऱ्या नियमानेच झाडे कमी झाली. २०१७ मध्ये केंद्राने भारतीय वन कायद्यात दुरुस्ती करून बांबूला झाडांतून वगळले, त्यामुळे यंदा मी बांधावर बांबू लावला आहे.