दहावीपर्यंत वर्तमानपत्र बंद? या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे

डिचोलीची शिक्षिका

गोव्यातल्या फोंड्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी काल या ऑनलाइन चर्चेत लिहिले की मुलांना दहावीपर्यंत बातम्यांपासून लांब ठेवावे, कारण बातमीवर शंका घ्यायला शिकलेले मूल पुढे आईवडिलांवर आणि गुरुजनांवरही शंका घेऊ लागते. त्या मजकुराखाली होकारांची रांग लागली. मी रोज आठवीच्या वर्गात उभी राहते, त्यामुळे मला गप्प बसवले नाही.

सर, आपण वर्तमानपत्र बंद कराल, पण आजीच्या मोबाईलवर येणारे फॉरवर्ड कसे बंद कराल? मध्यंतरी आमच्या शाळेत वाळपईच्या रस्त्यावर वाघ फिरत असल्याचा व्हिडिओ पसरला आणि सत्तरी तालुक्यातून बसने येणाऱ्या दोन मुली घरी जायला घाबरू लागल्या. त्यांची भीती वेडगळ नव्हती. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले होते, म्हणजे म्हादईच्या रानात वाघ आहेत हे त्यांना घरातूनच ठाऊक होते. अफवा अशाच खऱ्या गोष्टीच्या आधाराने उभी राहते. मी तो व्हिडिओ फळ्याशेजारच्या पडद्यावर लावला आणि थांबवत थांबवत दाखवला. जीपच्या नंबरप्लेटवर गोव्याचे ‘जीए’ नव्हते आणि मागच्या दुकानाच्या पाटीवरची गोलसर अक्षरे देवनागरीही नव्हती, रोमनही नव्हती. एका मुलाने त्यातले एक चित्र घेऊन इंटरनेटवर शोधले, तर तोच व्हिडिओ कितीतरी आधी दुसऱ्याच राज्याच्या नावाने फिरलेला निघाला.

मात्र मला महत्त्वाचा वाटला तो यानंतरचा प्रश्न. व्हिडिओ आपल्याकडचा नाही हे ठरले, तरी वाळपईत वाघ आला आहे की नाही, हे कोणाला खात्रीने सांगता येईल? मुलांनी स्वतःच वनखात्याच्या कार्यालयाचे आणि ओळखीच्या एका वनरक्षकाचे नाव सुचवले. माहिती कोणाकडे असते आणि त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे हे ज्या मुलाला कळते, ते उद्धट होते असा अनुभव मला अजून आलेला नाही.

हे शिक्षण टाळण्याची किंमत किती मोठी असते, तेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या जमावातली माणसेही कधीतरी कोणाच्यातरी वर्गात बसली असतील.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

बाई, आपली तळमळ मला मान्य आहे, पण वाघाचे उदाहरण आपल्या सोयीचे आहे. नंबरप्लेट पाहून वाघाचा निकाल लागतो. बातमी मंत्र्यांची असेल, धर्माची असेल, जमीन रूपांतराची असेल, तेव्हा आपण कोणती नंबरप्लेट पाहणार? तिथे शिक्षकाचे स्वतःचे मत नकळत वर्गात उतरते. मी सारी हयात शाळेत घालवली आहे. शिक्षकाच्या भुवईच्या हालचालीवरूनही मुले बोध घेतात.

आमच्या लहानपणी घरी ‘गोमंतक’ येत असे. वडील तो अग्रलेखासह मोठ्याने वाचत आणि आम्ही भावंडे ऐकत असू. त्यातून आमचे मराठी सुधारले आणि जगाचे भान आले. त्यासाठी कोणी आम्हाला शंकेचे वर्ग दिले नव्हते, तरी आमच्या पिढीने हा प्रदेश नीट चालवला. आधी विश्वास ठेवायला शिकलेल्या माणसालाच पुढे शहाणपणाने शंका घेता येते, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

मडगावकर

मुख्याध्यापक महोदयांनी नकळत आपल्याच म्हणण्याविरुद्ध पुरावा दिला आहे. ‘गोमंतक’ १९६२ साली निघाला आणि तो गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता. आमच्या घरी, मडगावात, ‘राष्ट्रमत’ येत असे. त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणाविरुद्ध आग ओकत असे. दोन्ही दैनिके मराठी होती आणि दोन्ही एकाच गोव्याविषयी लिहीत होती. तरीही विलीनीकरणाचा निर्णय करणाऱ्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापर्यंत आपल्या घरातला गोवा आणि आमच्या घरातला गोवा हे दोन वेगळे प्रदेश वाटावेत इतका त्यांच्या बातम्यांत फरक होता. आपण ज्याला विश्वास म्हणता, तो एकच वर्तमानपत्र वाचण्याचा परिणाम होता. माझे काका केशकर्तनालयात जाऊन मुद्दाम दुसऱ्या बाजूचे वर्तमानपत्र वाचत आणि घरी येऊन आजोबांशी भांडत. आमच्या घरातले खरे माध्यम शिक्षण ते होते.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

हा विषय आपण काढलात, तर उत्तर ऐकण्याचीही तयारी ठेवा. त्या कौलात विलीनीकरणाच्या ‘फूल’ या चिन्हावर १,३८,१७० मते पडली. ती सारी माणसे एका वर्तमानपत्राने भुलवलेली होती, असे आपल्याला म्हणायचे आहे का? माझे वडील कुळाच्या जमिनीत राबले होते. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, सत्ता काय असते हे त्यांना कोणत्याही अग्रलेखाशिवाय कळत होते आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांवर त्यांचा विश्वास त्या अनुभवातून बसला होता. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी सत्ता सोडली, हे मडगावात कोणी मुलांना सांगते का? विलीनीकरणाविरुद्धची ‘दोन पाने’ जिंकली हे मान्य आहे, परंतु हरलेल्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

मडगावकर

मी कोणालाही अडाणी म्हटलेले नाही आणि माझ्या तोंडी तो शब्द घालू नये, ही विनंती आहे. ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडली, फरक ३४,०२१ मतांचा होता. इतक्या अटीतटीच्या प्रश्नावर लोकांनी एकच बाजू वाचून मत बनवणे योग्य होते का, एवढाच माझा प्रश्न आहे आणि तो मी आमच्या घरालाही लावतो. आमच्या घरी ‘गोमंतक’ आला असता तर कुळांची व्यथा आम्हाला आधी कळली असती, हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. पण आपला आवाज चढला, कारण आपल्याला आपल्या वर्तमानपत्रावर प्रश्न विचारलेला खपत नाही. शिक्षिकाबाईंच्या वर्गातल्या मुलांना तो खपेल, असे मला वाटते.

जुना वार्ताहर, म्हापसा

दोघेही १९६७ मध्ये अडकून पडला आहात. मी पुढची अनेक वर्षे या धंद्यात काढली आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे जे मानधन मिळते त्यात त्याच्या स्कूटरचे पेट्रोलही भागत नाही. तो मग काय करतो? आमदारांच्या कार्यालयातून आलेले पत्रक जसेच्या तसे पाठवून देतो. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये, त्याच चुकांसह, तीन वर्तमानपत्रांत छापून येतात. मी एकदा एका पत्रकातली रस्त्याची लांबी प्रत्यक्ष जाऊन पाहिली आणि वेगळी बातमी दिली. ती लागली नाही आणि मला जाहिरात विभागातून फोन आला. तुम्ही मुलांना बातमी तपासायला शिकवा, माझी हरकत नाही. पण बातमी तपासण्यासाठी ज्याला पगार मिळायला हवा त्याला तो का मिळत नाही, हेही त्यांना शिकवा. वाचकाने सगळे तपासायचे आणि मालकाने काहीच करायचे नाही, ही वाटणी मला मान्य नाही. मुक्तीनंतरची आपली मोठी दैनिके चौगुले, धेंपे अशा खाण उद्योगातल्या घराण्यांनी काढली, ही जगजाहीर गोष्ट आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्र कोणाच्या मालकीचे आहे, हे ठाऊक असलेला वाचक तीच बातमी अधिक नीट वाचू शकत होता.

पेडण्याची आई

सगळे मोठे लोक बोलत आहेत, त्यात मी माझ्या घरचे सांगते. माझ्या मुलाच्या शाळेत खोट्या बातम्यांवर एक कार्यशाळा झाली. ती घेणाऱ्यांनी मुलांना एकामागून एक फसवे फोटो दाखवले आणि निघून गेले. तेव्हापासून माझा मुलगा काहीही सांगितले की म्हणतो, “आई, सगळेच विकलेले असतात.” डेंग्यूसाठी पाणी साठवू नका असे आरोग्य केंद्राने कळवले, तर त्यावरही त्याचे तेच उत्तर होते. तो वर्तमानपत्र वाचत नाही आणि दूरदर्शनवरची बातमीही ऐकत नाही. मग व्हिडिओवर कोणी मोठ्याने बोलणारा माणूस “हे तुम्हाला कोणी सांगणार नाही” असे म्हणाला की त्याचे मात्र तो तासभर ऐकतो. बाई, मुख्याध्यापक सर म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही, पण माझ्या घरात त्यांचेच म्हणणे खरे झाले आहे.

डिचोलीची शिक्षिका

पेडण्याच्या ताईंचे लिहिणे वाचून मी थांबले, कारण या धाग्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप तोच आहे. सगळ्यावर अविश्वास ठेवणारे मूल आणि सगळ्यावर विश्वास ठेवणारे मूल सारखेच असहाय असते. दोघांनाही जो मोठ्याने बोलेल तो जिंकतो. नुसते फसवे फोटो दाखवून निघून जाणारी कार्यशाळा मी माझ्या वर्गात होऊ देणार नाही आणि या एका बाबतीत मुख्याध्यापक सरांची भीती रास्त आहे, हे मला मान्य करावे लागते. मात्र यावर त्यांनी सुचवलेला उपाय मला अजूनही मान्य नाही.

मी काय करते ते सांगते. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकांची नावे व छपाईचा पत्ता असतो. ही नावे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मुले ती ओळ भिंग घेऊन वाचतात आणि मग मी त्यांना आलेल्या फॉरवर्डवर तशी ओळ शोधायला सांगते. ती सापडत नाही. चूक झाली तर कोणाचे दार ठोठवायचे हे वर्तमानपत्र छापून सांगते आणि फॉरवर्ड सांगत नाही, हा फरक मुलांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळतो. अशा मुलाला वर्तमानपत्राविषयी आदर वाटू लागतो, शंका घेता येत असूनही. त्यानंतर आम्ही एकाच ग्रामसभेच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी ठेवतो आणि कोणाचे म्हणणे कोणी गाळले, याची यादी करतो. पहिल्या पानावरची पानभर जाहिरात बातमीसारखीच मांडलेली असते, कोपऱ्यात लहानसा ‘जाहिरात’ शब्द असतो. तो शोधायला मुलांना वेळ लागतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१६ च्या पाहणीत तर माध्यमिक शाळेतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘प्रायोजित’ असे लिहिलेला मजकूर बातमी म्हणून स्वीकारला होता, तेव्हा आपली मुले त्यात एकटी नाहीत.

हे परदेशातच होते असेही कोणी म्हणू नये. केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ साली तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू झाले. लसीकरणाविरुद्धच्या अफवांचा त्रास त्या जिल्ह्याने आधीच सोसला होता.

ताई, आपल्या मुलाला आरोग्य केंद्राचे सांगणे खरे की खोटे हे विचारू नका. घरामागच्या टायरमध्ये किंवा कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात अळ्या दिसतात का, ते त्याला स्वतः पाहू द्या.

जुना वार्ताहर, म्हापसा

माझ्या मानधनाच्या मुद्द्याला कोणीच उत्तर दिले नाही, हे नोंदवून ठेवतो. शेवटच्या पानावरच्या ओळीचा उपक्रम चांगला आहे. त्या ओळीत वार्ताहराचे नाव नसते, हेही मुलांना दाखवा.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

रात्री मी सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. दहावीपर्यंत बंदी हा माझा सल्ला मी पूर्णपणे मागे घेत नाही, कारण पाचवी-सहावीच्या मुलाला हा भार पेलत नाही असे मला अजूनही वाटते. आठवीपासून हे करायला माझी हरकत राहिली नाही, एवढेच म्हणतो. मात्र माझ्या दोन अटी आहेत. वर्गात कोणता विषय घेणार हे पालकांना आधी कळवावे आणि शिक्षकाने स्वतःचे मत शेवटपर्यंत सांगू नये. मडगावकरांना माझे एवढेच सांगणे आहे की हिंमत असेल तर वर्गात १९६७ घ्या, आणि तो दोन्ही बाजूंनी घ्या.

डिचोलीची शिक्षिका

पहिली अट मान्य आहे. दुसरी अर्धीच मान्य करते: मुलांचे वाचून होईपर्यंत मी माझे मत सांगणार नाही, पण त्यांनी विचारले तर कारणांसह सांगेन आणि ती कारणे त्यांना तपासू देईन. मत लपवणाऱ्या शिक्षिकेच्या भुवया मुले वाचतातच, असे आपणच लिहिले आहे.

१९६७ चा धडा मी दिवाळीच्या सुट्टीनंतर घेईन. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जानेवारी १९६७ चे ‘गोमंतक’ आणि ‘राष्ट्रमत’ यांचे अंक पाहायला मिळाले, तर एकाच तारखेची दोन्ही पहिली पाने मुलांसमोर ठेवायची आहेत. सर आणि मडगावकर, आपण दोघांनी एकाच दिवशी वर्गात यावे, अशी माझी विनंती आहे. मुले प्रश्न विचारतील आणि आपण एकमेकांना मध्ये तोडणार नाही, ही अट मी आताच घालून ठेवते.

मडगावकर

मी येतो. तारीख कळवा.