दादाची दारू सोडवायला सरकारी पैशातून उपचार मिळतो का? (डिचोली)

डिचोलीची_लेक

नमस्कार. गावाचे नाव सांगत नाही, डिचोलीच्या आसपासचे समजा. दादा ४४ वर्षांचा. २०१८च्या मार्चमध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा त्याचा टिपर दारात उभा राहिला, कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. टायरांत गवत आले तेव्हा भंगाराच्या भावाने विकला. आधी शनिवारी प्यायचा. आता सकाळी दात घासायच्या आत हात थरथरतात आणि चपटी पोटात गेली की थांबतात. काजूच्या दिवसांत उर्राक, एरवी मिळेल ते. वहिनी सरकारच्या गृहआधार योजनेचे महिना १५०० आणि शिवणकाम यांवर घर ओढते.

मागच्या आठवड्यात एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. महिन्याला २२ हजार, किमान तीन महिने, एका महिन्याचे आगाऊ. "पेशंट यायला तयार नसला तर रात्री गाडी पाठवतो, आमची मुले उचलून आणतील." त्या गाडीचे वेगळे सात हजार! आई पाटल्या मोडायला तयार आहे, आणि मला तेच नको आहे.

बांबोळीला सरकारी सोय आहे असे ऐकते, पण तिथे "तसल्या" लोकांनाच घेतात का? दीनदयाळचे (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचे) कार्ड चालते का? ट्रक होता तेव्हा दादाने एक आरोग्य विमा काढला होता, त्याचा हप्ता वहिनी अजून भरते, त्यातून काही निघेल का? उपदेश नको, तो घरात पुरेसा मिळतो.

निवृत्त_सिस्टर

बाय, आधी एक सांगते, बाकीचे नंतर. सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू घरी एका दिवसात तोडायला जाऊ नका. बाटल्या मोरीत ओतणे, खोलीत कोंडणे, देवासमोर शपथ घालणे, सगळे पाहून झाले आहे माझे. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, अंग तापते. यात माणूस दगावतो. तसे काही दिसले तर १०८ला फोन, थांबायचे नाही. आणि शेजारीण "सोरो (दारू) सोडायची गोळी" आमटीत घालायला देईल, ती घेऊ नका. न सांगता दिलेल्या त्या गोळीवर दारू प्यायला तर जिवावर बेतते.

आता बांबोळी. मनोरुग्णालय आणि मानवी वर्तन संस्था, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळच. सरकारी आहे. दारूवाल्यांना घेतात, "तसले" वगैरे काही नाही. माझ्या लहानपणी कोणी विचित्र वागला की मोठी माणसे म्हणायची, "ह्याला आल्तिनोला पाठवा." कारण तेव्हा ते हॉस्पिटल पणजीच्या टेकडीवर होते आणि नाव होते आबे फारियाचे. तोच तो संमोहनवाला पाद्री, जुन्या सचिवालयाजवळ बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा. हॉस्पिटल केव्हाच खाली आले, बोलणे अजून टेकडीवरच आहे.

तिथे थरथर उतरवायच्या गोळ्या लक्षणे बघून आणि वेळेने देतात, थायमिनचे (ब१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन देतात, लिव्हर तपासतात. घरचे एक माणूस बरोबर असू द्या. जुने कागद आणि आधार घेऊन जा.

आणि उपकार मागायला जात आहोत असे वाटून घेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा आहे. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्सच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था घातल्या आहेत. कलम १८ प्रमाणे सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी उपचार हा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तो फुकट मिळाला पाहिजे, हातात कार्ड असो वा नसो. रात्रीच्या गाडीबद्दल म्हणाल तर, इच्छेविरुद्ध दाखल करायचेच झाले तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासावे लागते, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतच. चार पोरगे आणि एक व्हॅन यांना त्यात जागा नाही. त्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक विचारा आणि पुढे काय बोलतात ते ऐका.

कर_भरणारा

माफ करा, पण माझ्या करातून बेवड्यांची चैन का? कॅन्सरवाल्याने काय पाप केले? स्वतः पितात, स्वतः भोगू देत.

कोरडा_पाच_वर्षे

वरच्या साहेबांना आधी. तुमच्या करातून नाही हो, माझ्याच. प्रत्येक चपटीवर मी अबकारी कर भरत होतो, १६ वर्षे, बिनचूक, एकही दिवस थकबाकी नाही. त्यातले काही परत घेतले तर एवढे मनाला लावून घेऊ नका.

ताई, मी साखळी गावचा. मीही ट्रकवालाच, त्यामुळे टायरातले गवत मला वेगळे सांगायला नको.

विम्याचे सांगतो, कारण मी पोळलो आहे. त्याच २०१७च्या कायद्यात लिहिले आहे की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा. मी खूश होऊन दावा टाकला. कंपनीने एका ओळीत परत पाठवला: अपवाद क्रमांक १२. विमा नियामकाने २०१९मध्ये अपवादांची ठरावीक यादी केली, तिच्यात बाराव्या नंबरावर दारू, ड्रग्स आणि व्यसनावरचा उपचार आहे. म्हणजे एक कायदा म्हणतो आजार, आणि पॉलिसीची मागची बाजू म्हणते हौस. वहिनींना पॉलिसीत "अपवाद १२" शोधायला सांगा. उदासीचा (डिप्रेशनचा) उपचार मात्र वेगळा, तो त्यात नाही. दादाला दारूआधीपासून उदासी असेल तर डॉक्टरांना तसे सांगा, केसपेपरवर येऊ दे. दीनदयाळ कार्ड ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. कोणी तोंडी "चालेल" म्हटले तर लिहून मागा.

सरकारी बेडचे पैसे माझ्याकडे कोणी मागितले नाहीत. पैसे लागले ते नंतर. घरी आल्यावर पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी मंगळवारी तपासणी: डिचोली-पणजी कदंबा (सरकारी बस), पणजीच्या स्टँडवरून दुसरी बस, अख्खा दिवस, मजुरी बुडाली. बायको बरोबर, म्हणजे तिचीही बुडाली. दोनदा मी याच कारणासाठी गेलो नाही. दोन्ही वेळा पडलो. बेड द्यायला सरकार आहे, पण त्यानंतरच्या मंगळवारांना कोणी नाही. पैसा तिथे घाला असे मी आमदाराला तोंडावर सांगितले आहे, त्यांनी मान हलवली.

वाचवले ते एएने (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट). फुकट, बाहेरची देणगी घेतच नाहीत, टोपलीत दहा रुपये टाकले तर टाकले. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून चपला मोजल्या, २३ जोड. वाटले होते मी एकटाच.

निवृत्त_सिस्टर

तपासणीचे त्यांनी बरोबर सांगितले. त्यावर एक: आपल्याच गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेने ३७७ पुरुषांवर अभ्यास केला होता, २०१७च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही, शिकवून तयार केलेली साधी माणसे, जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के; नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत २६. हे अजून पुरते अडकले नव्हते अशांचे, दादाच्या पायरीच्या अलीकडचे. दादा शनिवारी प्यायचा तेव्हा कोणी असे त्याच्याशी बोलले असते तर! दिल्लीच्या एम्सच्या २०१९च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ कुठल्या तरी गावात शपथा घेत असतील.

रात्री-बेरात्री बोलायचे झाले तर १४४१६ टेली मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन), मराठीतही बोलतात. व्यसनासाठी १४४४६. वहिनीला पण सांगा, तो फोन फक्त पिणाऱ्यासाठी नाही.

डिचोलीची_लेक

उशीर झाला, क्षमा. वहिनीने पॉलिसी काढली. आहे, अपवाद १२, अगदी बारीक अक्षरात; तिने भिंग लावून वाचला आणि हसली. पुढचा हप्ता भरायचा की नाही, यावर घरात वाद सुरू आहे.

खासगी केंद्राला नोंदणी क्रमांक विचारला. "साहेब जेवायला गेलेत." चार दिवस जेवत आहेत.

दादाला मी ओरडले नाही. साखळीवाल्या भाऊंचे वाचून दाखवले, चपलांपर्यंत. तो काही बोलला नाही. मग विचारले, "साखळीचा कोण रे तो, पिवळा टिपर होता का त्याचा?" भाऊ, सांगू नका, पण तो अंदाज बांधत बसला आहे, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ट्रकबद्दल बोलला.

सोमवारी सकाळची कदंबा धरतो. तोपर्यंत बंद करू नको, नेहमीइतकीच घे, सिस्टरांनी सांगितले आहे, असे मी स्वतः त्याला म्हणाले. आई माझ्याकडे बघतच राहिली. पाटल्या हातातच आहेत.